तात्पुरती दुरुस्ती

चाकणच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवलेली होती. बॉलपेनने दोन-दोनदा गिरवून तिच्यावर लिहिलं होतं : ‘१०१ नाही! आधी १०३, मग १०५. नाहीतर क्वालिटीवाले येतात.’

ट्रकमधून उतरलेला माल सॅप या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना त्याचा ‘मूव्हमेंट टाइप’ टाकावा लागतो. १०१ म्हणजे माल आला आणि साठ्यात जमा झाला. १०३ म्हणजे माल आत आला, पण अडवून ठेवलाय. १०५ म्हणजे अडवलेला माल मोकळा केला. तोंडी सांगायला तीन वाक्यं पुरतात. पडद्यावर मात्र तीन आकडे येतात, आणि कुठला कधी टाकायचा ते सांगायला ही चिठ्ठी लागते. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांची तिथे तीस वर्षं झाली होती. बेअरिंग हातात घेऊन नुसतं फिरवलं तरी माल कसा आहे ते त्यांना कळायचं. तोच हात की-बोर्डवर आला की एकेक बोट चाचपत, चिठ्ठीकडे बघत चालायचा.

मी तिथे ‘सॅपवाला’ म्हणून गेलो होतो. काकांनी चहा सांगितला आणि अगदी सौम्य आवाजात विचारलं, “हे असं का केलंय हो तुम्ही?”

हे मी केलं नव्हतं. आकडे जर्मनीत ठरले होते. या कारखान्यात कुठला आकडा कधी वापरायचा हे एका कन्सल्टंटने ठरवलं होतं आणि तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला होता. मी सहा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला माणूस. गळ्यातल्या पट्ट्याचा रंगसुद्धा कंपनीच्या माणसांपेक्षा वेगळा. पण काकांसमोर त्या सॉफ्टवेअरच्या वतीने उभा होतो तो मीच. कंत्राटी प्रोग्रॅमरचं निम्मं काम प्रोग्रॅम लिहिण्याचं असतं. उरलेलं निम्मं, दुसऱ्याने केलेल्या गोष्टीबद्दल ओशाळण्याचं.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या काचेच्या इमारतींमधून मोबाइलची देखणी अ‍ॅप तयार होतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. तिथलं पुष्कळसं काम खरं तर डागडुजीचं आहे. कुठल्यातरी कारखान्याचं, बँकेचं, विमा कंपनीचं वीस-पंचवीस वर्षांचं सॉफ्टवेअर चालू ठेवायचं. त्यातलं काय कुणी का केलं ते सांगणारं माणूस जागेवर नाही, कागद जागेवर नाहीत, आणि महिनाअखेर तर दर महिन्याला येते.

जर्मन लघुलिपी

सॅप ही कंपनी १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत काढली. तिचा पहिला ग्राहक होता ऑस्ट्रिंगेन या गावातला आयसीआयचा नायलॉनचा कारखाना. स्वतःचा संगणक घ्यायला या पाच जणांकडे पैसे नव्हते. म्हणून ते कारखान्याच्याच संगणकावर, पुष्कळदा रात्री, प्रोग्रॅम लिहायचे. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एकीची सुरुवात आमच्यासारखीच, ग्राहकाच्या जागेत झाली. फरक एवढाच, की ज्याच्यासाठी लिहायचं तो माणूस त्यांना शेजारच्या खोलीत सापडत होता.

त्या काळात संगणकाची स्मृती सोन्याच्या भावाने मिळायची. त्यामुळे प्रत्येक नाव चार-पाच अक्षरांत बसवावं लागे, आणि नावं अर्थातच जर्मन. मालाचा क्रमांक ‘मटनर’, ग्राहकाचा ‘कुननर’, पुरवठादाराचा ‘लिफनर’, कारखाना ‘वेर्क्स’, कंपनी ‘बुकर्स’. नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात ‘मटनर’ ऐकून हसू येतं. सहा महिन्यांनी ती जेवणाच्या टेबलावरही ‘लिफनर मास्टर झालाय का?’ असं विचारायला लागतात. ज्या भाषेत आम्ही प्रोग्रॅम लिहितो तिचं नाव अबॅप. तेही मुळात जर्मनच, ‘अहवाल तयार करणारं सर्वसाधारण यंत्र’ अशा अर्थाच्या लांबलचक नावाचं लघुरूप.

लघुलिपीबद्दल माझी तक्रार नाही. मोडी दस्तांतही लघुरूपं असतात आणि कारकुनाला ती वाचता यायची. पण कारागिराने कारागिरासाठी केलेल्या या खुणा गिऱ्हाइकाच्या तोंडावर आल्या. साठ्यात दहाच नग आहेत आणि काकांनी बारा द्यायला घेतले, तर पडद्याच्या तळाशी लाल अक्षरांत ओळ उमटते : ‘डेफिसिट ऑफ एसएल अनरिस्ट्रिक्टेड-यूज’, आणि पुढे तुटीचा आकडा. तिचा अर्थ ‘या गोदामात दोन नग कमी पडताहेत’ इतकाच. तो काकांना सांगायला मी पुण्याहून गाडी करून चाकणला गेलोय, आणि त्या दिवसाचं बिल ग्राहकाला लागलंय.

झेडची वस्ती

मूळ सॉफ्टवेअर सगळ्या जगासाठी केलेलं, आणि प्रत्येक कंपनीला वाटतं आपलं काम जगावेगळं आहे. यातून ‘झेड’ जन्माला येतो. ग्राहकाने स्वतःसाठी लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचं नाव झेड किंवा वाय या अक्षराने सुरू करायचं असा सॅपचा नियम आहे. उरलेली अक्षरं मूळ मालकाची. त्यामुळे कुठल्याही जुन्या कंपनीत गेलात की आखीव गावाबाहेर झेडची एक वस्ती दिसते. पायवाटा, पत्र्याच्या शेड, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी केलेली घरं. आराखडा कुणाकडेच नाही, पण माणसं राहताहेत, म्हणून पाडताही येत नाही.

हा हट्ट किती महागात पडतो ते लिडल या जर्मन दुकानसाखळीने दाखवलं. सॅपची प्रणाली दुकानातला माल विक्रीच्या किमतीने मोजायची. लिडलची पद्धत खरेदीच्या किमतीने मोजण्याची. पद्धत बदलण्याऐवजी त्यांनी प्रणालीच बदलायला घेतली. सात वर्षांनी, २०१८ मध्ये, सगळा प्रकल्प गुंडाळावा लागला. खर्चाचा जो आकडा तेव्हा छापून आला तो सुमारे ५० कोटी युरो होता.

आपल्याकडे झेडची वस्ती वाढायला सरकारचाही हात लागला. अबकारी, व्हॅट, सेवाकर, जकात या प्रत्येकासाठी कुणी ना कुणी झेड लिहिलेला होता. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्या सगळ्याची मुळं एकाच रात्रीत हलली. ‘टॅक्स-आय-एन-जे’ नावाच्या सॅपमधल्या जुन्या करपद्धतीवर चालणाऱ्या कंपन्यांना ‘टॅक्स-आय-एन-एन’वर यावं लागलं. पुढे ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या कंपन्यांच्या बिलांवर सरकारी क्रमांक आणि क्यूआर कोड आला. दर वेळी कायदा आधी लागू झाला आणि प्रोग्रॅम धावत धावत मागून गेला.

या वस्तीतला इतिहास मात्र मजेदार पद्धतीने जपलेला असतो. जुन्या पेढीवर कीर्दीत चूक झाली तर खाडाखोड चालत नसे. चुकीवर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा आणि सही. आमच्याकडेही तसंच आहे. आधीच्या माणसाची ओळ पुसायची नाही. तिच्या सुरुवातीला तारांकन टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. मग खाली आपली ओळ, शेजारी नावाची आद्याक्षरं, तारीख, तिकिटाचा नंबर. काही प्रोग्रॅममध्ये जिवंत ओळी कमी आणि तारांकित ओळी जास्त असतात. एकाने २००९ मध्ये घातलेली अट दुसऱ्याने २०११ मध्ये झाकली, तिसऱ्याने २०१४ मध्ये पुन्हा उघडली. तिघांनाही त्या-त्या वेळी कुणीतरी ‘अर्जंट आहे’ म्हणून सांगितलेलं असणार. कंत्राटी माणसाचं नाव ना कंपनीच्या फोनबुकात असतं, ना वार्षिक अहवालात. ते फक्त या ओळींच्या कडेला उरतं.

तीन रकाने

बिघडलेल्या पडद्याची किंमत एरवी चहा-पाण्यात आणि ओव्हरटाइममध्ये विरून जाते. एकदा मात्र ती न्यायालयाच्या निकालपत्रात सविस्तर लिहिली गेली, आणि त्या गोष्टीची दोन टोकं भारतात आहेत.

११ ऑगस्ट २०२० ला सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावर सावकारांना व्याज द्यायचं होतं, सुमारे ७८ लाख डॉलर. बँकेची कर्जं ‘फ्लेक्सक्यूब’ या सॉफ्टवेअरवर चालत. काही सावकार मधूनच बाहेर पडत होते. त्यांचा हिशेब करायचा तर फ्लेक्सक्यूबमध्ये सरळ वाट नव्हती. सगळं कर्ज फेडून टाकतोय असं सॉफ्टवेअरला भासवायचं आणि मुद्दलाची रक्कम बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात वळवायची, ही रूढ झालेली आडवाट होती. वळवण्यासाठी पडद्यावर तीन रकाने भरावे लागत : ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’. मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, म्हणून पहिला भरला की झालं, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. तसंच वाटलं. भरणारा आणि तपासणारा, दोघेही भारतात बसलेले, बाहेरच्या आयटी कंपनीचे कर्मचारी. अंतिम मंजुरी देणारा बँकेचा माणूस अमेरिकेत. तिघांनी पाहिलं, तिघांना बरोबर वाटलं. पैसे बँकेबाहेर जाणार आहेत, पुढे जायचं का, असं पडद्याने विचारलं. किती जाणार आहेत ते सांगितलं नाही. व्याज तर बाहेर जाणारच होतं. ‘हो’ दाबलं गेलं आणि ८९ कोटी डॉलरहून जास्त मुद्दल बँकेच्या स्वतःच्या तिजोरीतून बाहेर पडलं.

काही सावकारांनी पैसे परत केले. उरलेल्या सुमारे ५० कोटी डॉलरसाठी बँक न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती हरली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात निकाल फिरला. दरम्यान जगभर ‘क्लेरिकल चूक’ हा शब्द छापून आला. क्लेरिकल म्हणजे कारकुनाची.

आता दुसरं टोक. फ्लेक्सक्यूब बनवणारी कंपनी मुंबईची. सिटीनेच ती काढलेली होती. पुढे तिचं नाव आय-फ्लेक्स झालं, २००५ मध्ये सिटीने आपला हिस्सा ओरॅकलला विकला. म्हणजे मुंबईच्या कंपनीने केलेलं सॉफ्टवेअर, भारतातल्याच कंत्राटी माणसांनी वापरलेलं, आणि मध्ये मालकी, परवाने, करार यांचा अख्खा समुद्र. आडवाट वापरणारे ती आडवाट आहे हे जाणत होते. ती सरळ करण्याचा अधिकार मात्र त्यांच्या टेबलापासून किती मैलांवर होता, ते कुणी मोजलेलं नाही. मेल्विन कॉनवे या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशाच घडणीची प्रणाली ती बनवतात. जिथे बोलणं चार कंपन्यांतून गाळून येतं, तिथे पडद्यावर तीन अनाकलनीय रकाने उगवणारच.

युजरला समजावलं

आमच्या धंद्यातली साखळी अशी असते : कारखाना एका मोठ्या आयटी कंपनीला काम देतो. ती मधल्या व्हेंडरकडून माणसं घेते. व्हेंडर ती ‘थर्ड पार्टी पेरोल’ चालवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीकडून उचलतो. ग्राहक माझ्या दिवसाचे किती मोजतो ते मला एकदाच कळलं, तेही चुकून माझ्याकडे आलेल्या मेलमुळे. माझ्या हाती त्यातला तिसरा हिस्साही पडत नव्हता. राग पैशांचा कमी आला, दुसऱ्या गोष्टीचा जास्त. पैसा जसा वरून खाली येताना गळतो, तशी तक्रार खालून वर जाताना गळते. काका मला सांगणार, मी टीम लीडला, तो डिलिव्हरी मॅनेजरला, तो त्याच्या समोरच्याला. शेवटच्या माणसापर्यंत पोचतं ते फक्त ‘अमुक तिकिटं आली, अमुक बंद झाली’.

तिकीट हे आमच्या जगाचं चलन. स्टोअरमध्ये अडलं की तिकीट निघतं, त्याला घड्याळ लागतं, इतक्या तासांत उत्तर, इतक्या तासांत बंद. घड्याळ चुकलं तर मोठ्या कंपनीला दंड. म्हणून प्रत्येकाची नजर तिकीट बंद होण्यावर. बंद करायचे दोन मार्ग असतात. एक, प्रोग्रॅम दुरुस्त करायचा. त्याला बदलाचा अर्ज, अंदाजपत्रक, चार जणांची मंजुरी, चाचणी, आणि महिनाअखेर जवळ आली असेल तर ‘फ्रीज’, म्हणजे कुणी कशाला हात लावायचा नाही. दुसरा मार्ग पाच मिनिटांचा. फोन करायचा, आडवाट सांगायची आणि तिकिटावर लिहायचं : ‘युजरला समजावलं. बंद.’ तीच अडचण पुढच्या महिन्यात नव्या तिकिटावर येते आणि पुन्हा वेळेत बंद होते. महिन्याच्या आलेखात आम्ही दोनदा यशस्वी.

कामचुकारपणाचा आरोप सोपा आहे, आणि तो माझ्यावर करायला माझी हरकत नाही. पण करार नीट वाचला तर दिसतं की दुखणं थांबवण्याचे पैसे त्यात ठरलेलेच नाहीत. पैसे ठरलेत ते दर वेळी मलमपट्टी करण्याचे. जखम भरली तर मलम लावणाऱ्याचं कंत्राट संपतं.

चांगलं सॉफ्टवेअर आपल्याला माहीतच नाही असंही नाही. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही दुकानाच्या पोटमाळ्यावर डोकावा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसलेला माणूस की-बोर्डकडे न बघता एफ-७ दाबून जर्नल घालतो, एफ-८ने विक्री, एफ-९ने खरेदी. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं सॉफ्टवेअर दिसायला कधीच देखणं नव्हतं. पण खात्यांना सांकेतिक क्रमांक द्यायची सक्ती तिने काढून टाकली. कुलकर्णी ट्रेडर्सला ‘कुलकर्णी ट्रेडर्स’च म्हणा. कारण टॅली विकत घेणारा दुकानदार आणि ती वापरणारा मुनीम एकाच छपराखाली बसतात. मुनीम वैतागला तर संध्याकाळपर्यंत मालकाला कळतं. कोट्यवधींचं सॉफ्टवेअर विकत घेणारे साहेब मात्र ते स्वतः कधी उघडतही नाहीत. त्यांना त्यातला रंगीत तक्ता दाखवतात, आणि १०१, १०३, १०५ काकांच्या वाट्याला येतात.

जसं आहे तसं

सॅपने आपल्या जुन्या आवृत्तीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबवायचं जाहीर केलंय. त्यामुळे सध्या आमच्या लोकांना भरपूर काम आहे. जुनं घर रिकामं करून ‘एस-४ हाना’ या नव्या घरात न्यायचं. मटनर १८ अक्षरांचा होता, तो आता ४० अक्षरांचा होतो. ज्या-ज्या झेडने १८ गृहीत धरलेत तो उघडून बघायचा. गेल्या वर्षी अशाच एका स्थलांतरासाठी रांजणगावच्या एका कारखान्यात गेलो. तिथे पूर्वी वेगळ्या व्हेंडरकडून काम करून गेलो होतो, तेही जीएसटीच्या धामधुमीत.

बिलाच्या करासंबंधीचा एक झेड उघडला. तारांकित ओळींच्या गर्दीत एका जिवंत तुकड्यावर नजर थबकली. प्लांटचा नंबर थेट लिहिलेला : हा प्लांट असेल तर राज्य महाराष्ट्र धरा. असं नंबर गाडून लिहिणं म्हणजे आमच्या धंद्यातलं आद्य पाप. कुणी मूर्खाने केलंय म्हणून कडेला बघितलं. तारीख १ जुलै २०१७. आद्याक्षरं माझी. शेजारी इंग्रजीत शेरा, ज्याचा मतलब असा : तात्पुरती दुरुस्ती, महिनाअखेर काढून टाकणे.

मग आठवलं. शनिवार होता. गेटवर नव्या कराच्या बिलासाठी ट्रक थांबलेले. प्लांटच्या नोंदीत राज्याचा रकाना कोराच राहिला होता, त्यामुळे महाराष्ट्रातल्या ग्राहकालाही परराज्यातला समजून एकत्रित आयजीएसटी लागत होता. रकाना भरणारा विभाग सुट्टीवर. मी तीन ओळी लिहिल्या, ट्रक सुटले, सगळ्यांनी पाठ थोपटली. महिनाअखेर आली तेव्हा माझं कंत्राट दुसरीकडे गेलं होतं.

त्यानंतर कारखान्याने दुसरा प्लांट काढला. त्याची नोंद पहिल्याची नक्कल करून केली, तेव्हा कोरा रकानाही नकलला गेला. आणि माझ्या तीन ओळी फक्त पहिल्या प्लांटला ओळखत होत्या.

डिस्पॅचमध्ये गेलो. तिथल्या ताईंच्या मॉनिटरला चिठ्ठी होतीच : ‘नवीन प्लांट – टॅक्स हाताने बदलणे.’ रोजची सगळी स्थानिक बिलं त्या एकेक उघडून दुरुस्त करत होत्या. सुरुवातीला तिकिटं टाकली होती म्हणाल्या. मी जुनी तिकिटं काढून पाहिली. प्रत्येकावर एकच शेरा होता, युजरला समजावलं, बंद.

“हे असं का केलंय हो तुम्ही?” त्यांनी विचारलं. सॅपवाल्या कुणालाही विचारतात तसंच. या वेळी ते ‘तुम्ही’ नेमक्या माणसाला लागलं होतं. मी त्यांना तारीख सांगितली, आद्याक्षरं दाखवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे माणूस सापडला तरी!”

स्थलांतराच्या करारात पहिल्याच पानावर लिहिलंय, की जुनं सगळं जसं आहे तसं नव्यात न्यायचं; सुधारणा कामाच्या कक्षेबाहेर. म्हणजे माझी चूक मी स्वतःच्या हाताने नव्या घरात मांडायची, आणि तिचं बिलही लावायचं. मी मॅनेजरकडे दोन तास मागितले. त्याने करार दाखवला. तेव्हा मी प्रोग्रॅमचा नाद सोडला आणि कोरा रकाना भरण्यासाठीचा अर्ज केला. एका रकान्यात एका राज्याचं नाव. अर्जात ‘बदलामागचं व्यावसायिक कारण’ असा रकाना होता. मी लिहिलं : डिस्पॅचमधली चिठ्ठी काढता यावी म्हणून.

अर्ज चार दिवसांनी परत आला. शेरा होता, कारण पुरेसं नाही. दुसऱ्यांदा भरताना मी रोजची बिलं मोजली, प्रत्येकी लागणारी मिनिटं मांडली, गुणाकार करून तास लिहिले. तो आता तिसऱ्या टेबलावर आहे. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.